रोजची एक चूक

बाणसर रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम करत. कुठे, ते सांगत नसत. जो पकडेल त्याला सरांच्या हातातला खडू बक्षीस. खडू तो केवढा, कधी बोटभर तर कधी नखाएवढा. पण सेंद्रिय रसायनाच्या त्या वर्गात त्याला सोन्याचा भाव होता. वसतिगृहाच्या खिडक्यांत पोरं ते खडू ओळीनं मांडून ठेवायची आणि कुणाची ओळ लांब यावरून भांडायचीसुद्धा.

बाणसर हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. एक रेणू दुसऱ्याशी कसा जोडला जातो हे दाखवायला या विषयात वाकडे बाण काढतात. बाण म्हणजे इलेक्ट्रॉनची वाट, कुठून निघाले आणि कुठे पोचले. दरवर्षी निम्मा वर्ग तो उलटा काढतो. ज्या बिचाऱ्या हायड्रोजन आयनाकडे एकही इलेक्ट्रॉन नाही, त्याच्याच अंगणातून बाण सोडतो. मग सर फळ्यावर खडू आपटून विचारायचे, "बाण कुठून सुटतो?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत आपणच सांगायचे, "आहे त्याच्या घरून! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" विषय विसरलेले जुने विद्यार्थीसुद्धा हे वाक्य विसरत नसत. एकजण पुढे बँकेत लागला, तो म्हणे कर्ज मागायला आलेल्यांना हेच ऐकवायचा.

चुकांचा खेळ सरांनी काढला तो रागातून. फळ्यावर आलं म्हणजे ते खरंच, असं धरून पोरं डोकं दाराबाहेर ठेवून नुसती उतरवत सुटतात, हे त्यांना बघवत नसे. "मी उद्या फळ्यावर गाढव काढलं तर तेही लिहून घ्याल, वर त्याला नंबर द्याल," ते म्हणायचे. तेव्हा रोज एक चूक. कॉलेजचा जिना चढता चढता ते ती ठरवायचे, आणि वरच्या पायरीवर पोचेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर एक लबाड हसू आलेलं असे. नोकरीतला सगळ्यात गोड वेळ तोच, असं त्यांचं मत होतं.

निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. पण विषय शिकवायला तसं कुणी मिळेना, म्हणून वर्षावर्षानं मुदत वाढत होती. मुदतीबद्दल वर कळवायचं काम विभागप्रमुखांचं, आणि विभागप्रमुख म्हणजे त्यांचीच एके काळची विद्यार्थिनी. वर्गात असताना सरांची ओळ पुरी व्हायच्या आत "सर, चूक!" असं ओरडायची, म्हणून सरांनी तिचं नाव घाईबाई ठेवलं होतं. आता सगळं कॉलेज तिला मॅडम म्हणे. सर मात्र, आसपास कुणी नसलं की, घाईबाईच म्हणत.

यंदा सत्र सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत ती गोष्ट घडली. फळ्यावर प्रोपीन होतं आणि त्यात हायड्रोजन ब्रोमाइड मिळवायचं होतं. नियम साधा: ज्या कार्बनकडे आधीच हायड्रोजन जास्त आहेत, नवा हायड्रोजनही त्यालाच मिळतो. ज्याचं आहे त्यालाच आणखी द्यायचं, हा नियम पोरांना चटकन पटतो, कारण जगात दुसरं काही त्यांनी पाहिलेलंच नसतं. सरांनी आकृती काढली, बाण काढले आणि वळले. मागच्या बाकावरून हात वर झाला.

तो हात पेन्सिलचा. ही मुलगी सरांच्या तासाला पेनानं लिहीतच नसे. कधी काय खोडावं लागेल नेम नाही, म्हणून. वर्गानं तिचं नावच पेन्सिल करून टाकलं होतं. "सर, हायड्रोजन भलत्याच कार्बनवर गेलाय," ती म्हणाली.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. गेला होता. मधल्या कार्बनवर जाऊन ऐटीत बसला होता. आणि आजची ठरवलेली चूक तर अजून फळ्यावर यायचीच होती, ती पुढच्या उदाहरणात होती. म्हणजे ही त्यांच्या हातून खरीच झाली होती. पण तोंडातून सवयीनं शब्द आला, "शाब्बास!" आणि खडू पेन्सिलच्या हातात गेला. पुढे ठरवलेली चूकही केली, तीही पकडली गेली. "आज एकावर एक फुकट!" सर म्हणाले. वर्ग हसला. सरही हसले, पण घरी जाताना रस्ताभर तो हायड्रोजन त्यांच्यासोबत चालत होता.

पुढच्या आठवड्यात बेंझिनच्या कड्यावर नायट्रो गट आला. तो पुढच्या येणाऱ्या गटाला कुठे बसवतो हे सर झोपेतही सांगतील. आणि जागेपणी त्यांनी पाहुणा नेमका नको तिथे बसवला. पुन्हा हात वर, पुन्हा शाब्बास, पुन्हा खडू. सरांनी डोळे तपासून घेतले, चष्मा बदलला. चूक चष्म्यात नव्हती. ती कुठे होती हे त्यांना शोधायचंही नव्हतं. एक गोष्ट मात्र कळून चुकली: इतकी वर्षं खेळलेला खेळ आता लपायला कामाला येतो आहे. रोज एक चूक करणाऱ्या माणसाची दुसरी चूक कोण मोजतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना याची लाज वाटत होती, आणि तरी रोज जिना चढताना त्या मुठीचाच आधार वाटत होता.

मग एक दिवस हात वर यायचेच थांबले.

पहिल्यांदा सरांना बरं वाटलं. म्हणजे आपलं हुकणं थांबलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण ठरवलेली चूकही कुणी पकडेना. आपण फारच बारीक काढली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी जरा ढोबळ काढली. शांतता. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याहून ढोबळ, बाण सरळ उलटा. शांतता. तास संपल्यावर खडू तसाच टेबलावर राहायचा आणि पुढच्या तासाचे गणिताचे सर तो वापरून टाकायचे. "यंदाची बॅच म्हणजे दगड आहे दगड," सर घरी बायकोला म्हणाले. "समोर शिंग उगवलं तरी बघणार नाहीत."

"मग उगवून बघा की," बायको म्हणाली.

सरांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्याच्या मधोमध, चांगला ठळक, सहा हातांचा कार्बन काढला. दुसऱ्या अणूंना धरायला कार्बनला हात चार. हे शाळेतलं पोरही सांगेल. सेंद्रिय रसायनाचं अख्खं घर या चार हातांवर उभं आहे. सर वळले, खडू दोन बोटांत धरून उभे राहिले आणि वाट पाहू लागले. आता हसण्याचा स्फोट होणार, आता कुणीतरी बाकावर हात आपटणार.

काहीच झालं नाही. डोकी खाली गेली, एकेक करून, समोरच्या बाकापासून मागच्या भिंतीपर्यंत. मागच्या बाकावर पेन्सिल खोडरबर फिरवत होती, आणि खोडून झाल्यावर तिनं क्षणभर वर पाहिलं. सरांनी अनेक वर्षं पोरांचे डोळे वाचले होते. न कळलेले, कंटाळलेले, रात्रभर जागलेले. हे डोळे त्यांच्या ओळखीचे नव्हते. आजारी माणसाला भेटायला आलेले लोक असे बघतात. पोरांना सहा हात दिसले होते. ते मुद्दाम काढलेले आहेत, असं मात्र एकालाही वाटलं नव्हतं.

सरांनी कार्बनचे जास्तीचे दोन हात पुसले, पुढचं शिकवलं आणि घंटा झाल्यावर घरी आले. बायको सकाळी लवकर बहिणीकडे गेली होती, ती नुकतीच परतली होती. दार उघडताच तिनं कपाळाला हात लावला.

"अहो, शर्टाची बटणं बघा! एक घर सोडून लावलीत. एक बाजू वर, एक खाली. दिवसभर असेच हिंडलात की काय?"

"हो."

"आणि कुणी सांगितलं नाही?"

"नाही," सर म्हणाले आणि दारातच उभे राहिले.

तिनंच पुढे होऊन बटणं काढली आणि नीट लावायला घेतली. "कमाल आहे लोकांची. माणसाला सांगायला नको?"

"वाईट वाटेल म्हणून सांगितलं नसेल."

"वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले असते ना, तर तुम्ही लग्नाच्या फोटोतसुद्धा एक मोजा निळा आणि एक काळा घालून उभे असता. बोलते म्हणून संसार झाला." शेवटचं बटण लावून तिनं त्यांच्या छातीवर थाप मारली. "काय झालं? चेहरा का उतरलाय?"

सरांनी तिला सगळं सांगितलं. हायड्रोजनपासून सहा हातांपर्यंत. ती ऐकत राहिली, आणि झाल्यावर एवढंच म्हणाली, "पोरांना कुणीतरी गप्प बसायला सांगितलंय. एवढी पोरं एकदम शहाणी होत नसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईबाई प्रयोगशाळेत पुढच्या बॅचची तयारी बघत होत्या. ओट्यावर चंचुपात्रं ओळीनं मांडली होती आणि काल कुणीतरी सांडलेल्या एस्टरचा पिकल्या फळांसारखा वास अजून खोलीत होता. सरांनी दार लोटलं.

"घाईबाई, वर्गाला तू काय सांगितलंस?"

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. हातातली बाटली खाली ठेवली. "पोरंच माझ्याकडे आली, सर. विचारायला लागली, सरांना बरं नाही का? त्या दिवशी तुम्ही एका तासाला दोन चुका मुद्दाम केल्या म्हणालात ना... मी तुमच्याकडे शिकलेय. तुम्ही दोन कधीच केल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, सरांना वर्गात टोकू नका. काही वेगळं वाटलं तर मला येऊन सांगा, मी नंतर नीट करून देईन."

"आणि मुद्दामच्या चुका?"

"त्या कुठल्या आणि खऱ्या कुठल्या, ते त्यांना ओळखता येईना. म्हणून मग सगळ्याच सोडून द्यायला लागली."

"म्हणजे मी पुढे लिहीत होतो आणि तू मागून माझा फळा पुसत होतीस."

"सर, तुम्हाला कुणी हसलेलं मला बघवलं नसतं!" घाईबाईंचा आवाज चढला आणि मग फुटला. "मला हा विषय तुम्ही दिलात. मी दुसरं काय करायला हवं होतं?"

"माझ्याकडे यायला हवं होतंस. ओरडत. जशी यायचीस तशी." सर स्टुलावर बसले. राग आला होता, पण तो सगळा तिच्यावर ओतता येईना. त्यातला मोठा वाटा त्यांचा स्वतःचा होता हे त्यांना ठाऊक होतं. "काल मी कार्बनला सहा हात काढले. सहा! आणि सगळा वर्ग माना खाली घालून बसला. समोर चूक दिसली तर गप्प बसावं, मोठ्या माणसाची असेल तर जास्तच गप्प बसावं, हे शिकली पोरं यंदा. एवढी वर्षं मी ज्याच्याविरुद्ध घसा कोरडा केला, नेमकं तेच. तू शिकवलंस. मी खोटं शाब्बास म्हणून शिकवलं. दोघांनी मिळून शिकवलं."

नळ ठिबकत होता. घाईबाईंनी तो घट्ट केला.

"मला या आठवड्यात वर कळवायचंय, सर," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या पुढच्या वर्षाचं. मी रोज लिहायला बसते आणि उठते."

"मग आजच्या तासाला येऊन बस. बघ, आणि जे दिसेल ते लिही. पण त्या पोरांसारखं बघू नकोस माझ्याकडे. तेवढं नाही सोसायचं मला."

त्या दिवशी सर जिना चढले तेव्हा काहीही ठरवत नव्हते. वरच्या पायरीवर लबाड हसू नव्हतं. भीती होती, नोकरीच्या पहिल्या दिवशी होती तशी, आणि तेव्हा निदान गुडघे तरी चांगले होते.

वर्गात मागच्या बाकावर पेन्सिलच्या शेजारी मॅडम येऊन बसलेल्या पाहून पोरं आधीच चिडीचूप झाली होती. सरांनी खडू उचलला, पण लिहिलं नाही.

"आजपासून मी मुद्दाम चूक करणार नाही," ते म्हणाले. "खेळ बंद. फळ्यावर जी दिसेल ती खरी चूक. या वर्षी काही खऱ्या झाल्या आणि मी त्या मुद्दामच्या म्हणून खपवल्या. तुम्हाला ते कळलं, तुम्ही सांभाळून घेतलंत. मनापासून केलंत, मला माहीत आहे. पण ते उपकार मला नकोत. चूक दिसली की बोलायचं. मी असो, मॅडम असोत, छापील पुस्तक असो. कळलं?"

सरांनी खडूनं फळ्यावर टकटक केलं.

"कार्बनला हात किती?"

"चार," वर्ग पुटपुटला.

"काल किती होते?"

मग कुणीतरी म्हणालं, "सहा, सर," आणि कुणाला तरी हसू फुटलं, आणि ते दाबता दाबता दोन बाकांवर पसरलं. सरांना त्या हसण्यानं इतकं बरं वाटलं की त्यांनी पटकन फळ्याकडे तोंड वळवलं.

आजचा भाग सरांचा लाडका होता. एका कार्बनला चार हात. त्यातला एक हात सोडवून घेऊन जुना पाहुणा निघून जातो, आणि नेमक्या त्याच वेळी विरुद्ध बाजूनं नवा येऊन हात धरतो. उरलेले तीन हात या धक्क्यानं, वाऱ्यात छत्री उलटी व्हावी तसे, दुसऱ्या बाजूला वळतात. सरांनी दोन्ही पंजे हवेत धरून छत्री उलटी करून दाखवली. दरवर्षी दाखवत. मग फळ्यावर सगळं काढलं. आधीचा रेणू, बाण, मधली ओढाताण, शेवटचा रेणू. हात झटकले आणि वळले.

चेहरे पाहताच त्यांना कळलं की काहीतरी आहे. त्यांनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे, बाणांपासून टोकापर्यंत. सगळं ठीक दिसत होतं. आणि हीच गोष्ट भयंकर होती, कारण चूक होणं एक आणि समोर असून न दिसणं दुसरं.

"आहे काही?" त्यांनी विचारलं. "मला दिसत नाही."

पंखा फिरत होता. मागच्या बाकावर घाईबाईंनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांना दिसलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दुसऱ्या कुणीतरी बोलावं म्हणून थांबल्या होत्या. त्यांच्या शेजारचा हात कोपरापर्यंत वर आला, खाली गेला, आणि पुन्हा वर आला.

"सर," पेन्सिल म्हणाली, "छत्री उलटी झालीच नाही."

सरांनी पाहिलं. तीन हात जिकडे होते तिकडेच होते. आत्ता, दोन मिनिटांमागे, त्यांनी स्वतःच्या पंजांनी ती उलटी करून दाखवली होती. तोंडानं बरोबर सांगितलं होतं, आणि खडूनं ऐकलं नव्हतं.

पहिल्या बाकावरचा एक मुलगा घाईनं म्हणाला, "सर, ही मुद्दाम होती ना?"

विचारणं कसलं, विनवणीच होती ती. दार सताड उघडं होतं. नुसतं हसून मान हलवली असती तरी सगळ्या वर्गानं सुटकेचा श्वास सोडला असता.

"नाही," सर म्हणाले. "ही माझी."

त्यांनी तीन हात पुसले, उलट्या बाजूला काढले आणि बाकांमधून चालत मागे जाऊन खडू पेन्सिलच्या हातावर ठेवला. "आता पुढचं उदाहरण तू सोडव. फळ्यावर. चल."

ती गेली. सर पहिल्या बाकावर, त्या मुलाला जरा सरकायला लावून, बसले. बाकावरून फळा फार मोठा दिसत होता. पुढच्या वर्षी आपण त्याच्यासमोर नसणार, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या स्पष्ट कळलं. घाईबाई खरं तेच लिहितील, आणि त्यांनी तेच लिहायला हवं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आड कुणाचा कधी आटेल सांगता येत नाही, आणि आटलेल्या आडाला पोहरा सोडून सोडून किती सोडणार?

पेन्सिलनं कार्बन काढला, चार हातांचा. समोर हायड्रॉक्साइड काढला, इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेला. कुणी पाहायच्या आत खोडून टाकावं अशी सोय इथे नव्हती, पाठीमागे सगळा वर्ग होता. तिनं खडू टेकवला, आणि बाण सुरू केला तो कार्बनपासून.

"बाण उलटा!"

बाण अजून पुरा व्हायचा होता. मागच्या बाकावर विभागप्रमुख उठून उभ्या राहिल्या होत्या, एक हात हवेत. मग जो कल्ला उठला तो शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी दारातून डोकावण्याइतका मोठा होता. "उलटा! उलटा!" पोरं बाकं बडवत होती, हसत होती, एकमेकांच्या आधी ओरडत होती; आणि सगळ्यांच्या वर एक म्हातारा, फाटका आवाज होता. "अगं, बाण कुठून सुटतो?"

"आहे त्याच्या घरून!" वर्ग गरजला.

पेन्सिलचे कान लाल झाले. तिनं फळ्याकडे पाहिलं, मग पहिल्या बाकाकडे.

"सर, ही माझी," ती म्हणाली, आणि तळव्यानं बाण पुसला.